डाव आपला, क्रियापदे कोणाची?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कडोलीतील एका घराच्या सोप्यात चार मुले पत्ते मांडून बसली होती. पत्ते इस्पिक-बदामाचे नव्हते. पुण्याहून आलेल्या आतेभावाने ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळाचे दोन कॅट आणले होते. त्यांवर पंखांचे अजगर, जादूगार, राक्षस आणि मंतरलेली अरण्ये रंगवलेली होती. खेळ सुरेख आहे, हे आधीच मान्य करतो. आमचे लक्ष मात्र चित्रांपेक्षा बोलण्याकडे अधिक होते. ‘‘तू ते टॅप केलंस, आता अनटॅप केल्याबिगर ॲटॅक करता येत नाही.’’ ‘‘आधी ड्रॉ कर.’’ ‘‘ह्यानं डिस्कार्ड केलंय.’’ ‘‘अरे, शफल कोण करणार?’’

घर मराठी, शाळा मराठी, भांडणही मराठी. तरी या सगळ्या बोलण्यात कामाचे मराठी क्रियापद एकच उरले होते : करणे.

सीमाभागातील आम्ही माणसे १९५६ पासून बहुतांशी नामांसाठी लढत आलो. गावाचे नाव, पाटीवरची अक्षरे, कागदपत्रांची भाषा. तो लढा न्याय्य आहे आणि त्यातून एक पाऊलही मागे घ्यावे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु परकी नामे घेऊन मराठी कधी दुबळी झालेली नाही. कागद, पगार, दुकान, टेबल हे सारे तिने पचवले. दुबळेपणा येतो तो क्रियापदे जाऊ लागली की. पत्ते पिसावेत, वाटावेत, पान ओढावे, उतरावे, टाकावे, हुकमाने मारावे. या प्रत्येक शब्दात हाताची निराळी हालचाल आहे. ‘शफल करणे’, ‘ड्रॉ करणे’, ‘डिस्कार्ड करणे’ यांत मराठीच्या वाट्याला केवळ प्रत्यय लावण्याची हमाली येते. शेजारची कन्नड मुलेही याच शब्दांना ‘माडु’ जोडून मोकळी होतात. ज्या दोन भाषा येथे एकमेकींशी पाट्यांवरून भांडतात, त्या सोप्यावर एकाच डावात हरत आहेत.

हे आम्ही एका बैठकीत बोललो, तेव्हा एका सुशिक्षित गृहस्थांनी आमची समजूत घातली. असल्या अद्भुतरम्य पत्त्यांच्या खेळांना लागणारी परिभाषा मराठीत नाही, नियम गुंतागुंतीचे असतात, ते इंग्रजीतच नीट कळतात, असे त्यांचे म्हणणे. त्यांना आम्ही एवढेच सांगू की, बेळगावहून आंबोलीचा घाट उतरावा आणि सावंतवाडीला जाऊन यावे.

तेथील दशावतारी गंजिफा म्हणजे अद्भुताचाच खेळ. गोल पाने, एकूण १२०. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पाने : राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची दहा. सामान्यतः तिघे खेळतात, म्हणजे प्रत्येकाच्या हाती चाळीस पाने. निम्म्या रंगांत राजा-प्रधानाखाली दहा श्रेष्ठ आणि एक्का कनिष्ठ. उरलेल्या निम्म्यांत हा क्रम उलटा, एक्का वर आणि दहा तळाशी. दिवसा डाव रामाच्या राजाने उघडायचा, रात्री कृष्णाच्या. तुरुपाचा रंग मुळीच नाही. गंजिफेत हुकूम म्हणजे त्या रंगातील जी पाने अजून खेळली गेलेली नाहीत त्यांतले सर्वांत वरचे पान. त्यामुळे हुकूम डावागणिक नव्हे, हातागणिक सरकत जातो आणि गेलेली सारी पाने ध्यानात ठेवणाराच टिकतो. आता सांगावे, गुंतागुंत कशाला म्हणतात? हे सारे इंग्रजीच्या आधाराविना, आपल्याच बोलीत, दिव्याच्या उजेडात वाद घालत खेळले गेले आहे.

आणि हा खेळ तरी मूळचा आपला कोठे होता? बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मोगली गंजिफेची पाने ९६ आणि रंग आठ : ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश. आपल्या लोकांनी खेळाचे फारसी नाव जसेच्या तसे ठेवले, अरबी हुकूमही ठेवला. पण ताज-शमशेरीच्या जागी अवतार बसवले, वजिराच्या जागी प्रधान बसवला आणि खेळण्याची क्रियापदे आपली वापरली. घाटावर म्हैसुरात तिसऱ्या कृष्णराज वाडियारांनी याच घराण्यातले आणखी मोठे खेळ रचले, तेव्हा गंजिफा मराठी की कन्नड हा वाद आपल्यापैकी कोणी उकरून काढू नये. उसने कसे घ्यावे, याचा धडा मात्र घ्यावा. ‘मॅजिक’च्या कर्त्यांनीही तो घेतलेला आहे. १९९३ मध्ये निघालेल्या त्या खेळातला मध्यवर्ती शब्द ‘माना’ इंग्रजी नव्हे. तो पॅसिफिक महासागरातील बेटांवरच्या भाषांचा आहे. अमेरिकनांना तो परका वाटला नाही. आपल्याला मात्र आपलाच ‘पिसणे’ गावंढळ वाटू लागला आहे.

दुसरी बाजूही सोडणार नाही. भाषाप्रेमाच्या भरात कोणी तयार केलेले एक टिपण आमच्याकडे आले. त्यात कॅटला ‘पत्रसंच’, पान ओढण्याला ‘आहरण’, टाकण्याला ‘निष्कासन’ आणि बाद पानांच्या ढिगाला थेट ‘कब्रस्तान’ असे शब्द होते. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाबद्दल आम्हाला नितांत आदर आहे. पण तो दरबारासाठी होता. बारा वर्षांचा मुलगा हरता हरता ‘‘तू निष्कासन केलेस’’ असे ओरडणार नाही. नियमाचा शब्द भांडणात तोंडातून निघाला पाहिजे, ही त्याची एकमेव परीक्षा.

असे शब्द शोधायला कोश उघडावा लागत नाही, अंगण आठवावे लागते. हुतूतूत गडी मरतो आणि जिवंत होतो. मग पत्त्यातला योद्धा मेला तर तो मेलेल्यांत जावा आणि मंत्राने जिवंत व्हावा, त्यासाठी स्मशानही नको आणि कब्रस्तानही नको. (हुतूतूचे ‘लोण’ कबड्डीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत आजही ‘लोना’ म्हणून नांदते आहे, हे त्या सुशिक्षित गृहस्थांसाठी.) घर राखणारा, स्वतः चाल करून न जाणारा प्राणी म्हणजे राखणदार, कोकणापासून बेळगावपर्यंत कोणालाही अर्थ विचारावा लागणार नाही. अद्भुत प्राणी पटावर बोलावणे याला पूजेतला ‘आवाहन’ शब्द तयारच आहे. आणि या खेळातला सर्वांत अवघड नियम असा की, एकावर एक मंत्र टाकले गेले तर शेवटी टाकलेला आधी लागू होतो. इंग्रजीत त्याला स्टॅक म्हणतात. आजीच्या स्वयंपाकघरातील उतरंड ज्याने पाहिली आहे, त्याला हा नियम एका शब्दात कळतो : वरचे मडके उतरल्याशिवाय खालच्याला हात लागत नाही.

चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर येथील आमच्या वाचकांना एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. दरवर्षी १ नोव्हेंबरला आपण आमच्या काळ्या दिनाला पाठिंबा देता, त्याचे मोल आम्ही जाणतो. परंतु तो कॅट कडोलीत बंगळूरहून आला नव्हता. ‘शफल कर’ हे शब्द पुण्याच्या घरातून, मराठी आईबापांच्या मुलासोबत आले. येथील मुलांनी ते मोठ्या शहरातले, म्हणून शुद्ध, मानून उचलले. आमच्यावर कानडीची सक्ती होते, हे आपण सभांतून सांगता. आपल्या घरी कोणतीही सक्ती नसताना हे कसे झाले, याचे उत्तर आम्हाला हवे आहे.

आम्ही त्या मुलांपुढे आमचे शब्द ठेवले. ‘उतरंड’ त्यांनी हसत हसत घेतला. ‘राखणदार’ तर लगेच चालू झाला. ‘आवाहन’ नाकारला; पूजेसारखे वाटते म्हणाले, आणि ‘बोलावणे’ पुरे आहे असे ठरवले. वापरलेले पान आडवे ठेवायचे, म्हणजे टॅप, याला आम्ही ‘आडवे करणे’ सुचवले होते. त्यावर थोरल्याने नाक मुरडले. ‘‘पुन्हा करणेच की, काका,’’ तो म्हणाला. धाकटीने एक पान आडवे ठेवले आणि म्हणाली, ‘‘ह्याला निजवलं.’’ पुढची पाळी आली, तेव्हा तिने सगळी निजलेली पाने एका दमात उठवली आणि आमच्याकडे न पाहताच भावाला म्हणाली, ‘‘आता पान ओढ.’’