आधी यांना बघा

"आता कुठे हो कातकऱ्यांना दवाखान्यात वेगळं वागवतात?" असं परवा नात्यातल्या एकाने फोनवर विचारलं. त्याला उत्तर म्हणून हे लिहिते आहे.

आधी जुनी गोष्ट. डॉ. आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र आहे, १९२९ साली 'यंग इंडिया'त आलेलं. बायको बाळंतपणानंतर आजारी. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. परत येतानाही तसाच. ती बाई गेली. माझ्याच पेशातला माणूस तो, म्हणून ही गोष्ट मनातून जात नाही.

आज असं उघड कुणी करत नाही. डॉक्टर सरकारी असो की खाजगी, जखमी माणसाचा जीव वाचवणं त्याचं कर्तव्यच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितलंय. पण बोलण्यातून कळतंच ना...

मागच्या पावसाळ्यात एका दवाखान्यात मी बीपी तपासायला बसले होते. वाडीवरच्या एका कातकऱ्याला साप चावला म्हणून आणलं. त्याला नीट बोलता येत नव्हतं. पहिला प्रश्न काय? "प्यायलाय का रे हा?" अहो, नाग-मण्यारीच्या विषाने जीभ जड होते, पापण्या मिटतात! बायको काकुळतीने सांगत होती, पण तिची बोली कुणी ऐकून घेईना. तेव्हा रांगेतली एक भाजीवाली उठली. "डॉक्टर, आधी यांना बघा. ही काय सांगतेय ते ऐका," म्हणाली आणि त्या बाईचा हात धरून उभी राहिली. मग सगळे हलले. माणूस वाचला.

१८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातला मुलगा पाठीवर घेऊन डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात पोचवला. त्यातच लागण होऊन १० मार्चला त्या गेल्या. आपल्याकडे तेवढं कुणी मागत नाही. आपला नंबर सोडावा, 'अरे' ऐकू आलं तर आपण मोठ्याने 'अहो' म्हणावं. त्यांच्या वतीने सगळं आपणच बोलू नये. त्यांचं म्हणणं ऐकलं जातंय की नाही, एवढं बघावं.

आपल्या घरात दवाखान्यात काम करणारे तिघं आहेत. रागवा हवं तर, पण वाचून कळवा.