सरासरीच्या दाखल्यावर विसंबू नये

फास्ट रिॲक्टरच्या इंधन-पेलेटमध्ये मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर सहसा तीन मिलिमीटरही भरत नाही. पूर्ण शक्तीवर युरेनियम-प्लुटोनियमच्या मिश्र ऑक्साइडचा मध्य २००० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतो, कडा मात्र त्याच्या निम्म्याच्या आसपास राहते. तापमानाच्या इतक्या उतारावर इंधन जागच्या जागी राहणे शक्यच नाही. पेलेटमधल्या सूक्ष्म छिद्राच्या तप्त भिंतीवरून ऑक्साइडची वाफ होते, ती समोरच्या थंड भिंतीवर गोठते आणि छिद्र मध्याकडे सरकते. त्याच्या मागे लांबट स्तंभाकार कण उरतात आणि मधोमध पोकळी होते. ऑक्सिजन-धातू गुणोत्तर २ च्या अगदी जवळ असेल तर वाफेत युरेनियमचा वाटा अधिक असतो; युरेनियम बाहेर जाते, प्लुटोनियम पोकळीभोवती साचते. गुणोत्तर २ हून कमी असलेल्या इंधनात ऑक्सिजन थंड कडेकडे जातो. म्हणजे सरासरी १.९८ चा दाखला घेऊन आत गेलेल्या पेलेटची कडा २ ला टेकते. क्लॅडिंगला, म्हणजे इंधनाभोवतीच्या धातूच्या नळीला, भिडतो तो नेमका हाच थर, आणि विखंडनातून आलेल्या सीझियम-टेल्युरियमच्या संगतीने आतून गंज धरतो तोही इथेच. म्हणून कारखान्यातला दाखला ही केवळ सुरुवातीची अट समजावी, भट्टीतल्या इंधनाचे वर्णन नव्हे.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते: सुरक्षिततेसाठी भरपूर वाव ठेवलेला आहे. तो आहेच. पण मधली पोकळी मध्याचे तापमान उतरवते, तर तिच्याभोवती साचलेले प्लुटोनियम तिथली उष्णता वाढवते आणि वितळणबिंदू खाली आणते. एकमेकांविरुद्ध जाणारे हे परिणाम एकाच सरासरीत घातले, तर वाव नेमका किती उरला हे कळणार कसे? कल्पाक्कमच्या पीएफबीआर या प्रोटोटाइप फास्ट ब्रीडर अणुभट्टीचे पेलेट आधीच मध्ये पोकळ आहेत, हा दुसरा मुद्दा रास्त आहे. त्याने छिद्रांचे सरकणे आटोक्यात राहते. ऑक्सिजनला सरकायला मात्र छिद्रांना लागते एवढ्या तापमानाची गरजच नसते.

कल्पाक्कमच्याच एफबीटीआर या फास्ट ब्रीडर चाचणी अणुभट्टीचा दाखलाही दिला जातो. तिथल्या मिश्र कार्बाइडने टनामागे १६५ गिगावॅट-दिवसांचा पल्ला गाठला, ही मोठी कामगिरी आहे. पण कार्बाइडची उष्णतावाहकता ऑक्साइडच्या कित्येक पट असल्याने त्यातला उतार सौम्य असतो. तो अनुभव ऑक्साइडला जसाच्या तसा लावता येत नाही. त्याच भट्टीत पीएफबीआरच्या ३७ ऑक्साइड पिनांचा चाचणी-संच ११२ गिगावॅट-दिवसांपर्यंत गेला, हा पुरावा अधिक वजनदार. तरी तो शेवटची अवस्था दाखवतो. पहिल्या काही दिवसांतल्या स्थलांतरावर पुढच्या विखंडनाचे थर चढलेले असतात. उद्याच्या धातू-इंधनात तर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. अमेरिकेच्या ईबीआर-२ अणुभट्टीत धातू-इंधनातले झिर्कोनियम मध्याकडे आणि कडेकडे गेले, मधला पट्टा रिता पडला. तिथे तापमानानुसार बदलणाऱ्या प्रावस्थांचाही हात होता.

म्हणून अल्पकाळ चालवून काढलेल्या पिना कापून, मध्यापासून कडेपर्यंत प्लुटोनियम आणि ऑक्सिजन मोजण्याचे काम नियमित व्हायला हवे. तारापूरला पेलेट घडवणाऱ्यांपर्यंत ही मापे पोचायला हवीत, कारण गुणोत्तराची आणि छिद्रांच्या आकाराची मर्यादा तेच पाळतात.