भान विहारात ठेवून घरी येऊ नका

वर्षावास लागला की वस्तीवस्तीतल्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन सुरू होतं. दिवसभर राबून आलेल्या आयाबहिणी रात्री पांढरी साडी नेसून वेळेवर येऊन बसतात. श्रद्धेत काही कमी नाही. पण आरोग्याचं काम करणाऱ्या आम्ही कार्यकर्त्या त्याच विहारात बीपीचं मशीन घेऊन बसतो, तेव्हा दुसरी बाजू दिसते. ग्रंथातला प्रसंग पाठ असतो, पण आज बीपीची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही. पंचशील रोज म्हटलं जातं, आणि म्हणताना गालात तंबाखू असते.

तथागतांनी ज्याला 'सति' म्हटलं, ती म्हणजे भान. नवऱ्याच्या चितेवर जाळल्या गेलेल्या सतीशी या पाली शब्दाचा काही संबंध नाही. हे भान फक्त डोळे मिटून बसल्यावर ठेवायचं असंही नाही. सतिपट्ठान सुत्तात चालणं, उभं राहणं, खाणं, पिणं, झोपणं, अगदी लघवी-संडासला जाणं, या सगळ्यांत भान ठेवायला सांगितलं आहे. दहा दिवसांच्या शिबिराला जाता येईल त्यांनी जरूर जावं. पण चार घरची धुणीभांडी करणारीला दहा दिवसांची सुट्टी कोण देणार? तिची साधना तिच्या रोजच्या दिवसातच बसली पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे.

सुरुवात गोळीपासून करू. बीपी-शुगरची गोळी 'बरं वाटतंय' म्हणून बंद करायची नसते. बीपी वाढलं तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, आणि तेवढ्या काळात मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड यांचं नुकसान होत राहतं. म्हणून गोळ्यांचं पाकीट बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोजवळ उंच फळीवर ठेवा. मेणबत्तीपासून लांब, पोरांचा हात पोहोचणार नाही असं. वंदना झाली की डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेप्रमाणे गोळी. गोळी जेवणाआधीची की नंतरची, ते मात्र विचारून घ्या. बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळलं, हे आपल्याला ठाऊक आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षा दिली आणि 6 डिसेंबरला ते गेले. त्यांच्या लेकरांनी शुगर अंगावर काढावी, हे बरोबर नाही.

दुसरं जेवण. कोसलचा राजा प्रसेनजित भरपेट जेवून धापा टाकत बुद्धांकडे आला होता. बुद्धांनी त्याला रागावलं नाही, उपास सांगितला नाही. भान ठेवून, मात्रा ओळखून जेवावं एवढंच सांगितलं. मग राजाने एका तरुणाला तेच बोल जेवताना रोज म्हणायला लावले आणि त्याचं खाणं हळूहळू कमी झालं. आपल्या घरी हे काम पोरं करू शकतात: जेवताना मोबाइल बंद, टीव्ही बंद, आणि वरून मीठ घेणाऱ्याला टोकायचं. दिवसभरात माणशी मीठ एक लहान चमचा, म्हणजे 5 ग्रॅमपेक्षा कमी हवं. लोणचं, पापड, फरसाण, खारवलेले मासे यांतलं मीठही त्यातच मोजायचं. बायांसाठी मात्र भानाचा अर्थ वेगळा आहे. सगळ्यांचं उरकल्यावर ओट्याशी उभ्याने उरलंसुरलं खाणं बंद करा. ताट वाढून घ्या, सगळ्यांसोबत बसा. समता चुलीपाशीही आली पाहिजे.

तिसरं व्यसन. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. 'मशेरी-तंबाखू म्हणजे काय दारू आहे का?' असं आम्हाला नेहमी विचारलं जातं. आमचं उत्तर असं, की जे भान घालवतं आणि शरीराला गुलाम करतं, ते पाचव्या शीलाच्या विरोधातच जातं. तलफ आली की तिच्याशी झगडू नका, तिच्याकडे बघा. ती लाटेसारखी वर येते आणि काही मिनिटांत उतरते. तेवढा वेळ श्वास मोजा, घोट घोट पाणी प्या, जागेवरून उठा. हीच वेदनानुपस्सना. तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा बरी न होणारी जखम असेल तर लगेच दाखवा. तिशीच्या पुढच्यांची बीपी, शुगर आणि तोंडाच्या कर्करोगाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते; आशाताईंना विचारा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. श्वासाने गोळीची जागा भरून निघत नाही. छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, तर ध्यान नाही, 108 ला फोन. मन सतत उदास असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर बोला. त्यात कमीपणा काही नाही.

आणि भान म्हणजे मुकाट सोसणंही नव्हे. तुंबलेल्या गटाराशेजारी 'मन शांत ठेवा' असा उपदेश कुणी करत असेल, तर तो बाबासाहेबांचा धम्म नव्हे. त्यांनी सांगितलेला धम्म माणसामाणसांतल्या वागण्याचा आहे, याच जगातलं दुःख हटवणारा आहे. 20 मार्च 1927 ला महाडला ते पाण्यासाठीच गेले होते. शांत डोक्याने पाहिलं की नळाला पाणी किती वेळ आलं, गटार कधी साफ झालं, कुठल्या गल्लीत तापाचे रुग्ण वाढले, हे दिसायला लागतं. ते वहीत लिहा आणि चार जणी मिळून वॉर्ड ऑफिसात जा. रागाच्या भरात केलेल्या आरडाओरड्यापेक्षा तारीखवार नोंदीची वही जास्त काम करते.

विहार समित्यांना आमची सूचना आहे. बीपी बरोबर मोजायचं तर आधी पाच मिनिटं, न बोलता, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसावं लागतं. रविवारच्या वंदनेनंतर ही पाच मिनिटं सगळ्यांनी आनापानसतीला द्यावीत, भिंतीला टेकून किंवा खुर्चीवर बसून. त्यानंतर लगेच बीपी मोजावं आणि आकडा वहीत लिहावा. 140/90 किंवा जास्त आलेल्या प्रत्येकाला त्याच आठवड्यात दवाखान्यात नेण्याची जबाबदारी समितीतल्या एकाने घ्यावी. मशीन आणि वही एवढाच खर्च आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.