मेनूकार्डात नसलेला बांगडा

मंगळवार पेठेतली पोरं मालवणला निघाली की बेत ठरलेला. पहाटे मिरजकर तिकटीला जमायचं, गगनबावड्याचा घाट उतरायचा, धक्क्यावर सुरमई थाळी हाणायची आणि मागं सिंधुदुर्ग किल्ला येईल असा फोटो टाकायचा. झालं मालवण!

गेल्या खेपेला आम्हीही तेच करणार होतो. पण धक्क्याजवळच्या हॉटेलात सुरमई संपलेली. "घरची पेज आसा, चलात?" मावशींनी विचारलं. उकड्या तांदळाची गरम पेज, निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा आणि सुक्या जवळ्याची ओलं खोबरं घातलेली किसमूर. वास आला तसं आमच्यातल्या एकानं नाक मुरडलं. दुसरा बांगडा मागणारा पहिला गडीही तोच!

हे मेनूकार्डात का नाही? "पावण्यांका वास चलणा नाय," मावशी म्हणाल्या. ते पाहुणे म्हणजे आपणच की भावा.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांची बेगमी म्हणून उन्हाळ्यात मासळी खारवायची, वाळवायची. किनाऱ्यावरच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही विद्या आपल्या नाकापायी स्वयंपाकघरात लपून बसते.

तिकडं उत्तर अटलांटिकात फेरो बेटं आहेत. तिथं झाडं जवळपास नाहीत, वारा मात्र उदंड. फटी ठेवलेल्या लाकडी खोपटांत मेंढीचं मांस आणि मासे मिठाशिवाय महिनोन्‌महिने टांगतात. वास असा, की आपला बांगडा अत्तर वाटावा. पण राजधानी तोर्सहाव्नच्या बंदराजवळ हेच ताटात वाढतात आणि लांबून आलेले पाहुणे पैसे मोजून खातात. असल्याच पदार्थांवर उभ्या राहिलेल्या तिथल्या 'कोक्स' हॉटेलला २०१७ मध्ये मिशलिन स्टार मिळाला.

पुण्या-मुंबईत 'व्हेज कोल्हापुरी' म्हणून लालभडक जाळ पुढ्यात आला की आपण किती चिडतो! तांबड्याशेजारी पांढरा असतो हे त्यांना ठाऊकच नसतं. मग मालवण म्हणजे सुरमई, हे ठरवणारे आपण कोण? आवडलं नाही तर ठेवा बाजूला, पण "आज घरात काय केलंय?" एवढं विचारायला काय जातं?

येताना खारे बांगडे आणले. पेठेतल्या खोलीवर भाजायला घेतले, तर पलीकडून हाक आली, "कशाचा वास रं?" दार उघडलं आणि ताट पुढं केलं.