नव्या विजेऱ्या आणि खरी सुधारणा

विजेरी ही वस्तू आपल्या इतक्या परिचयाची आहे की तिच्याविषयी कोठे वाद होत असेल असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. परंतु विजेऱ्यांचा छंद असलेली मंडळी आज अनेक देशांत आहेत. आणि एखाद्या कारखान्याने नवा नमुना बाजारात आणिला की त्यांच्यामध्ये मोठी चर्चा सुरू होते. पूर्वीच्या नमुन्याहून ह्यात अधिक काय आहे? प्रकाश किती वाढला? सेल मोठा घातला की नाही? आमच्या वसतिगृहातही रात्रीच्या अभ्यासानंतर ही चर्चा कानी पडते, व खाऊचे पैसे साठवून नवी विजेरी घेण्याचे बेत ठरतात. ह्या बेतांस आमचा विरोध नाही. मात्र सुधारणा कशास म्हणावे ह्याविषयी आमचे मत थोडे निराळे आहे, व ते वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते.

प्रथम थोडे मागे वळून पाहू. १० जानेवारी १८९९ रोजी डेव्हिड मिसेल ह्यांस नळीच्या आकाराच्या विजेरीचे पेटंट अमेरिकेत मिळाले, व न्यू यॉर्क येथील कॉनरॅड ह्युबर्ट ह्यांच्या कंपनीने ती विकावयास आणिली. त्या काळचे सेल दुबळे आणि दिव्यातील कोळशाची तार वीज फार खाणारी. त्यामुळे दिवा सतत जळत ठेवता येत नसे, क्षणभर चमकवून विझवावा लागे. इंग्रजीतील ‘फ्लॅशलाइट’ हे नाव त्यावरूनच पडले. पुढे १९१० च्या सुमारास टंगस्टनची तार आली. १९७९ साली अँथनी मॅग्लिका ह्यांनी अॅल्युमिनियमची मजबूत व झोत लहानमोठा करता येणारी मॅगलाइट काढिली. नंतर तेजस्वी निळा प्रकाश देणारा डायोड सिद्ध झाला व त्यातून पांढऱ्या एल.ई.डी.चा मार्ग मोकळा झाला. ह्या कार्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा ह्या तिघा शास्त्रज्ञांस २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या सर्व सुधारणांनी दिवा अधिक वेळ टिकू लागला आणि हातात अधिक भरवशाचा झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता अलीकडचे नमुने पाहू. १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब अशा सेलच्या जागी २१ मिलिमीटर जाड व ७० मिलिमीटर लांब सेल आला. त्यात वीज अधिक मावते, आणि ही सुधारणा खरीच आहे. परंतु डब्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत जो आकडा छापलेला असतो तो ल्यूमेनचा, म्हणजे एकंदर प्रकाशाचा. आणि आमचे तरुण मित्र भुलतात ते ह्याच आकड्यास. २००९ साली अमेरिकेत विजेऱ्या मोजण्याचे जे प्रमाण ठरले, त्याप्रमाणे प्रकाश मोजावयाचा तो दिवा लाविल्यावर अर्ध्या मिनिटानंतर. आणि दिवा किती वेळ चालला हे मोजावयाचे ते त्या प्रकाशाचा दहावा हिस्सा उरेपर्यंत. समजा, एक लहानशी विजेरी आरंभी २००० ल्यूमेन प्रकाश देते. हाताच्या मुठीत मावणाऱ्या नळीस इतकी उष्णता बाहेर टाकता येत नाही, म्हणून दोनतीन मिनिटांत ती आपोआप ३०० ल्यूमेनवर उतरते, व तीन तास तशीच जळते. तरीही तिच्या डब्यावर ‘२००० ल्यूमेन’ व ‘३ तास’ हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापता येतात, आणि त्यांपैकी एकही खोटा नसतो! खोटे न बोलताही समोरच्याची समजूत चुकीची करून देता येते, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

अंतराच्या आकड्याचीही तीच कथा. झोत २०० मीटर पोहोचतो असे लिहिले असेल, तर तेथे पाव लक्स उजेड पडतो एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे निरभ्र रात्री पौर्णिमेच्या चंद्राचा पडतो साधारण तितका. शिवाय अंतर दुप्पट करावयाचे तर झोताची तीव्रता चौपट करावी लागते. २०० मीटरला १०,००० कँडेला पुरतात, ४०० मीटरला ४०,००० लागतात. तेव्हा प्रकाश थोडाबहुत वाढला एवढ्याचसाठी जुनी विजेरी टाकून नवी घेणाऱ्यास रानात फारसा फरक दिसावयाचा नाही.

तर मग खरी सुधारणा कोणती? आमच्या मते पहिली म्हणजे मंद प्रकाशाची सोय. अंधारास पुरते सरावण्यास डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात, आणि प्रखर झोताने ती सवय क्षणात मोडते. वसतिगृहात शेजारचा मुलगा झोपला असता पुस्तक शोधावयाचे असेल, तर एक-दोन ल्यूमेन पुरेसे होतात. दुसरी, रंग खरे दिसणे. १०० पैकी ९० हून अधिक रंगगुण असलेला एल.ई.डी. एकंदर प्रकाश बहुधा थोडा कमी देतो. पण कोकणातील जांभ्या दगडाच्या वाटेवर त्याच रंगाचे फुरसे पडलेले असते तेव्हा चकाकणाऱ्या निळसर झोतापेक्षा रंग दाखविणारा शांत उजेड अधिक उपयोगी, असे आम्ही म्हणू. तिसरी व सर्वांत महत्त्वाची, दुरुस्ती करता येणे. आत सेल कायमचा बंद करून टाकिलेली एक देखणी विजेरी आमच्या पाहण्यात आहे. सेल थकला आणि बाकी सर्व शाबूत असता ती निकामी झाली. उलट, कित्येकांच्या घरी आजोबांच्या वेळची पितळी विजेरी अजून आहे. तिच्यात बल्बच्या जागी एल.ई.डी.चा बल्ब बसविला की ती पुन्हा कामास येते.

येथे कोणी म्हणेल की आम्ही हौशी मंडळींची निंदा करीत आहोत. तसे मुळीच नाही. डब्यावरचा आकडा खरा की खोटा हे घरच्या घरी तयार केलेल्या मोजयंत्रांनी पडताळून पाहणारी मंडळी हीच. रंग खरे दाखविणाऱ्या एल.ई.डी.चा आग्रह धरिला तो ह्यांनीच. विजेरीचा प्रकाश कमीजास्त करणारी ‘अँडुरिल’ नावाची आज्ञावली अशाच छंदातून निर्माण झाली, व ती कोणासही पाहण्यास व बदलण्यास मोकळी ठेविलेली आहे. आपल्या वस्तूचे मर्म जाणणाऱ्याचा छंद ही एक विद्याच होय. आमचा आक्षेप आहे तो केवळ आकड्यामागे धावण्यास. सहा महिन्यांपूर्वीची विजेरी पेटीत तशीच पडलेली असता नवी मागविणारा छांदिष्ट विजेऱ्यांचा संग्राहक असेल; प्रकाशाचा उपासक नव्हे.

आपल्या शाळेत दहा कुमारींचा दाखला ऐकला नाही असा विद्यार्थी विरळा. त्या दहाही जणींजवळ दिवे होते; दिव्यांच्या तेजात काही उणे होते असे तेथे सांगितलेले नाही. उणे पडले ते पाच जणींच्या तेलात. आज तेलाच्या जागी सेल आला, परंतु तात्पर्य बदललेले नाही. म्हणून नवी विजेरी घेण्यापूर्वी प्रत्येकाने तीन प्रश्न स्वतःस विचारावे अशी आमची नम्र सूचना आहे: अर्ध्या तासानंतर हिचा उजेड किती राहील? हिचा सेल मला स्वतःला बदलता येईल काय? आणि जवळ आहे ती विजेरी नीट करून भागणार नाही काय? ह्यांची उत्तरे मिळाल्यावरही नवी घ्यावीशी वाटली, तर खुशाल घ्यावी. मात्र जुनी पेटीत न ठेविता नीट करून, सेल घालून, अंधारातून घरी जाणाऱ्या एखाद्या सोबत्याच्या हाती द्यावी. त्या वाटेवर जो उजेड पडेल, तीच त्या विजेरीची सर्वांत मोठी सुधारणा ठरेल.