उन्हाळी रेशीम : आधी सावली, मग अंडीपुंज



ऊस विकास खात्याच्या माणसाने रेशमाच्या अळीवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण गटात फिरताना दिसते की, उसाच्या जोडीला एकर-अर्धा एकर तुती लावणारे सभासद वाढत आहेत. त्यात वावगे काहीच नाही. तुतीला उसापेक्षा पाणी बरेच कमी लागते, एकदा लावलेली बाग कित्येक वर्षे चालते आणि बॅच साधली की महिन्याभरात कोष हाती येतात. 2018 साली शेजारच्या जालन्याला कोषांची बाजारपेठ सुरू झाली, तेव्हापासून कर्नाटकात रामनगरमपर्यंत माल नेण्याचा हेलपाटाही वाचला. अडचण आहे ती एप्रिल-मेची.

मागे एका मे महिन्यात घाटाखालच्या एका सभासदाची आख्खी बॅच कोषावर चढायच्या तोंडावर गेली. शेड पत्र्याचे होते. "गोणपाटाचे पडदे लावा, निभेल," असे आम्हीच सांगितले होते. ते म्हणाले, "साहेब, दुपारी या पत्र्याखाली माणसाले बसवत नाही, तं अळीनं कसं राह्याचं?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. चूक आमची होती, नुकसान त्यांचे झाले.

ऊस ऊन सोसतो, अळी सोसत नाही. लहान अळीला 27-28 अंश उष्णता आणि भरपूर दमटपणा मानवतो. मोठ्या अळीला 24-25 अंश पुरे. म्हणजे अळी वाढते तशी तिला थंडाई जास्त लागते, आणि आपल्याकडे नेमके उलटे होते. बरे, एकूण पाल्यापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक पाला अळी पाचव्या अवस्थेत खाते. म्हणजे सगळा खर्च, सगळी मेहनत झाल्यावर बॅच बसते. उन्हाने अळी अशक्त होते आणि मग ग्रासेरी, फ्लॅचेरी हे रोग तिला धरतात. अंग फुगून चकाकू लागले, अळी रॅकच्या कडेकडेने भटकू लागली आणि त्वचा फुटून दुधासारखा द्रव गळाला, की ती ग्रासेरी समजा. तिला औषध नाही. अशा अळ्या चिमट्याने उचलून चुना-ब्लीचिंगच्या पाण्यात टाका, मग खोल पुरा. उकिरड्यावर टाकाल तर रोग पुढच्या बॅचची वाट पाहत बसेल.

आमचे मत स्पष्ट आहे : उन्हाळी बॅच प्रत्येकाने घेऊ नये. चिखली-मेहकर घाटावर, मलकापूर-शेगाव घाटाखाली. दोन्हीकडे एकच वेळापत्रक चालणार नाही. अंडीपुंजांची मागणी नोंदवण्याआधी रिकाम्या शेडात थर्मामीटर टांगा. दुपारी दोन वाजता चार दिवस ओळीने बघा. सगळे उपाय करूनही पारा 32 च्या खाली येत नसेल, तर ती बॅच सोडा.

उपाय कोणते? पहिला आपल्या फडातच आहे. जे पाचट आपण पेटवून देतो, तेच पत्र्यावर जाड अंथरा. मात्र विस्तवापासून जपा, आणि त्यावर पाणी शिंपडत राहा. ते जमत नसेल तर पत्र्याला चुना मारा. खिडक्यांना ओले गोणपाट लावा, पण वारा कोंडू नका. पाणी जमिनीवर आणि पडद्यावर मारा, अळीच्या बिछान्यावर नको. ओल्या बिछान्यात बुरशी धरते. पाला भल्या पहाटे तोडून ओल्या गोणपाटाखाली ठेवा. सुकलेला पाला म्हणजे उपाशी अळी. मोठे खाद्य सकाळ-संध्याकाळ द्या, दुपारी थोडेच. अळ्या विरळ ठेवा. शंभर पुंजांच्या जागेत शंभरच. चॉकी घरी करण्यापेक्षा खात्रीच्या चॉकी केंद्रातून दुसरी कात टाकलेल्या अळ्या आणा. दोन बॅचमध्ये शेड धुऊन 2 टक्के ब्लीचिंग पावडर चुन्याच्या निवळीतून फवारा.

आणखी एक विनंती, ज्यांच्याकडे तुती नाही त्यांना. शेजाऱ्याच्या तुतीकडे वारा असताना आपल्या पिकावर औषध मारू नका. एका पंपाने त्याची अख्खी बॅच जाते.

काही जण म्हणतील, बॅच सोडली तर उत्पन्न बुडते. खरे आहे. पण बुडालेल्या बॅचमध्ये उत्पन्न तर जातेच, वर पुंज, पाला, मजुरी जाते आणि शेडात रोग राहतो. बसून राहा असे आम्ही म्हणत नाही. त्या महिन्यात बागेला शेणखत घाला, ठिबक दुरुस्त करा, शेडाभोवती झाडे लावायचे खड्डे काढा. पाऊस पडला की तुतीला कोवळा पाला फुटतो, हवा निवते. तेव्हाची बॅच भक्कम काढा.

थर्मामीटरचा आकडा घेऊन गट कार्यालयात या. या वेळी आधी शेडात येऊन बसू, मगच सल्ला देऊ.

— ऊस विकास अधिकारी