वही कुणाच्या हातात?

एक म्हणतो, माणूस मुळात नेक आहे. त्याला मोकळे सोडा, सरकारची गरजच उरणार नाही. दुसरा म्हणतो, पोलीस उठले की संध्याकाळपर्यंत लोक एकमेकांचे गळे धरतील. दोघांनीही दसऱ्यानंतर वडवणीला यावे. बीड जिल्ह्यातल्या या भागातून कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात.

दुसऱ्याने फडावरची टोळी पाहावी. तिथे पोलीस नसतो. उघड्या रानात कोप्या, पहाटेपासून तोडणी, रात्री-अपरात्री गाडी भरायची. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. माणसांना अवजाराचे नाव पडले, यातच पुष्कळ आले. तरी ही माणसे सहा-सहा महिने एकमेकांच्या आधारानेच काढतात.

पहिल्याने मुकादम पाहावा. उचल तोंडी, हिशोबाची वही त्याच्याकडे, एक दिवस चुकला की खाडा. आणि तो कुणी सैतान नव्हे. कित्येक मुकादम कालपर्यंत कोयताच चालवत होते. फितरत तीच, गाव तेच, फक्त वही हातात आली. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे जे आले ते आठवा: बीडमधल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. त्यामागच्या कारणांत खाड्याची धास्तीही होती.

विनोबांनी १९५१ मध्ये चांगुलपणाच्या भरवशावर भूदान मांडले. जमिनी मिळाल्या, पण त्यात पडीक कितीतरी. सरकारवर भरवसा ठेवणाऱ्यांचे तरी काय? वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने संपली, उचल चालूच आहे.

हा वाद आपल्याला नवा नाही. बाराशे वर्षांपूर्वी बसऱ्याचा मुअतझिली विद्वान अबू बक्र अल-असम्म म्हणत होता की लोकांनी एकमेकांवर जुलूम करणे सोडले तर इमामाची गरज नाही. सगळा पेच त्या ‘तर’मध्ये आहे, आणि आजचे अराज्यवादी तो चांगुलपणाच्या भाषणांनी भरून काढू पाहतात.

कुरआनची सर्वांत लांब आयत (सूरह बकरा, २८२) नमाजवर नाही, रोजावर नाही. ती कर्जाच्या लिखापढीवर आहे. तिचे संबोधन ईमानवाल्यांना आहे, चोरांना नाही! नेक माणसांनाच बजावले आहे: रक्कम लहान असो की मोठी, लिहा, साक्षीदार ठेवा. आणि मजकूर सांगायचा कुणी? कर्ज घेणाऱ्याने. त्या आयतीत ना सुलतान आहे, ना शिपाई. या आयतीवर आपण किती खुतबे ऐकले?

म्हणून मला माणसाच्या स्वभावावरच्या चर्चेत रस नाही. येत्या हंगामात वडवणीच्या टोळ्यांनी उचल घेताना दोन वह्या मागाव्यात. मजकूर मजूर सांगेल, खाड्याचा दर आधीच लिहिला जाईल, दोन साक्षीदार टोळीतले असतील, आणि एक वही कोपीत राहील. मुकादम नेक असेल, तर त्याची हरकत कशाला असेल?